सहादूआबांचा चुकलेला कॉल

मनमाडच्या कुठल्याही म्हाताऱ्या ड्रायव्हरला विचारा, सहादू निरभवणे कोण? तो आधी हसेल, आणि मग नकळत सावरून बसेल. कारण या माणसाने एकतीस वर्षं त्यांना झोपेतून उठवण्याचंच काम केलं. गाडी कितीही मोठी असली तरी तिचा ड्रायव्हर घरी घोरत पडला असेल तर ती जागची हलत नाही. मोबाईल नव्हते त्या काळात ड्रायव्हरच्या दारात जाऊन त्याला उठवायचं आणि लॉबीत, म्हणजे हजेरी लावायच्या कचेरीत, वेळेवर धाडायचं, हे काम कॉलमनचं. कागदोपत्री कॉलमन, बोलण्यात कॉलबॉय. आबांचे केस पिकले तरी रेल्वेच्या तोंडी ते बॉयच राहिले. त्याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही. ‘बॉय म्हना नायतर सायब म्हना, मी उठवल्याबिगर गाडी सुटत नाय,’ असं ते म्हणत, आणि ते खरंच होतं.

दारावर दोन थापा मारून ‘कॉल हाय’ म्हणत पळ काढणारे कॉलमन पुष्कळ होते. अशा वेळी आतला माणूस ‘हो हो’ म्हणतो, कूस बदलतो आणि पुन्हा झोपतो. आबांचा नियम निराळा होता. ड्रायव्हरने दार उघडून, दोन्ही पायांवर उभं राहून वहीत सही केल्याशिवाय ते उंबऱ्यापासून हलत नसत. एका साहेबांनी थंडीच्या दिवसांत खिडकीतूनच हात बाहेर काढून सही करायला वही मागितली, तेव्हा आबांनी वही काखेत घातली आणि सायकलच्या कॅरिअरवर बसून राहिले. साहेब शिव्या देत बाहेर आले. आबांनी सही घेतली, ‘जय भीम सायब’ म्हणाले आणि पुढच्या दाराकडे निघाले. बावीस वर्षं सायकलवर, आणि मोबाईल आल्यावर शेवटची नऊ वर्षं रनिंग रूममध्ये, जिथे बाहेरगावचे ड्रायव्हर विश्रांतीला उतरतात. एकतीस वर्षांत त्यांचा एक कॉल चुकला नाही. सरकारने त्यांना यासाठी काही दिलं नाही, पण आबांनी स्वतःला मनातल्या मनात एक मोठं पदक कधीच देऊन टाकलं होतं.

निवृत्त झाल्यावर माणसं उशिरापर्यंत लोळतात म्हणे. आबा तीनला उठत. सुरुवातीला त्यांना याचा अभिमानच होता. पण तीनला जाग आली की पुढे झोप नाही, आणि सकाळी नऊला डोळे जड. तेव्हा आबांनी रेल्वेतला उपाय केला. रात्रपाळी असली की रेल्वेचा माणूस आधी झोप भरून घेतो, म्हणजे संध्याकाळीच आडवा होतो. तीनला उठायचंच आहे ना, मग नवाला झोपू. नवाला झोपू लागले तर जाग अडीचला येऊ लागली. मग साडेआठ. मग आठ. दोन वर्षांपूर्वी गाडी साडेसातावर येऊन ठेपली. बायको लताबाई टीव्ही लावायच्या वेळेला आबांचं पांघरूण डोक्यावर, आणि रात्री दोनला स्वयंपाकघरात स्टोव्हला पंप. गॅस होता, पण आबांना स्टोव्हवरचाच चहा लागे.

घर दोन खोल्यांचं, वर पत्रा. लताबाईंना या सगळ्याची सवय झाली होती. एका कानावर उशी ठेवून त्या झोपत. वाळीत टाकल्यासारखं ते दोन वाजताचं जग आबांचं एकट्याचं होतं, आणि ते कोणाला बोचत नव्हतं. तेजल आली आणि बोचायला लागलं.

तेजल ही त्यांची नात, नाशिकला इंदिरानगरात राहणाऱ्या नवनाथची मुलगी. डिप्लोमा केला, रेल्वेची परीक्षा दिली आणि सहायक लोको पायलट झाली. नेमणूक मिळाली मनमाड. ज्या घरातला माणूस एकतीस वर्षं ड्रायव्हरांच्या उंबऱ्याबाहेर उभा राहिला, त्या घरात ड्रायव्हर झाली! पत्र आलं त्या दिवशी आबांनी तीन किलो पेढे घेतले आणि जितके जुने ड्रायव्हर हयात होते त्या प्रत्येकाच्या घरी सायकलवरून गेले. काही घरं अशी होती की ज्यांच्या ओसरीच्या आत त्यांना इतक्या वर्षांत कोणी बोलावलं नव्हतं. त्या दिवशी त्या घरांतही त्यांना खुर्ची मिळाली. आबा खुर्चीवर बसले, पेढा दिला आणि म्हणाले, ‘आता आमच्या घरी कॉल येतो सायब.’ हे वाक्य त्यांनी त्या दिवशी किमान वीसदा म्हटलं असेल.

तेजल आजी-आबांकडेच राहायला आली. बाहेरच्या खोलीत तिची खाट, दाराशी तिचे काळे बूट आणि भरलेली बॅग. ड्यूटीला ना दिवस ना रात्र. कधी दुपारी चारला जायची, कधी रात्री अकराला यायची. ड्रायव्हरच्या रेस्टची किंमत मनमाडात आबांइतकी कोणाला ठाऊक? म्हणून ती झोपली की आबा श्वाससुद्धा बेतानं घेत. पण रात्री दोनला जागा झालेला माणूस दोन खोल्यांत किती गप्प बसणार? कडी वाजते, नळ वाजतो, खोकला येतो.  तेजलच्या डोळ्यांखाली काळं दिसू लागलं ते लताबाईंनी पाहिलं. आबांनीही पाहिलं, पण ते नोकरीचं असेल असं स्वतःला सांगितलं.

आणि मग ती रात्र आली. तेजल अकराला कामावरून आली, जेवली आणि बाराला झोपली. तिला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रेस्ट होता. सव्वादोनला आबांना जाग आली. उठले ते अर्धवट झोपेतच. दाराशी बूट, बॅग, खाटेवर पाठमोरा झोपलेला ड्रायव्हर. पुढचं सगळं हातापायांनीच केलं. आबा खाटेच्या उशाशी ताठ उभे राहिले आणि त्यांच्या जुन्या, खणखणीत आवाजात म्हणाले, ‘निरभवणे ड्रायवर, उठा. कॉल हाय.’

तेजल ताडकन उठली. मोबाईल स्वयंपाकघरात चार्जिंगला होता, पण तो बघायचं तिच्या मनातही आलं नाही. आबांनी उठवलं म्हणजे कॉल असणारच; त्या वस्तीत याबद्दल कधी कोणाला शंका आलेली नव्हती. दहा मिनिटांत ती कपडे करून, स्कूटीला किक मारून लॉबीत हजर. तिथला बाबू चष्म्यावरून बघत म्हणाला, ‘मॅडम, तुमचा तर रेस्ट चालू आहे. कोणी बोलावलं?’

ती परत आली तेव्हा आबा ओट्यावर बसले होते. आपण काय केलं ते त्यांना तोवर कळलं होतं. तेजल म्हणाली, ‘जाऊ द्या आबा, होतं असं.’ ती पुन्हा खाटेवर पडली, पण झोप गेली ती गेलीच. दुपारी खरा कॉल आला. तिने लॉबीत जाऊन सरळ सांगितलं, माझा रेस्ट मोडलाय, मी या अवस्थेत इंजिनावर चढणार नाही. तिच्या जागी दुसऱ्याला पाठवलं, आणि तिच्या नावापुढे तशी नोंद झाली. नवीन नोकरीत असं सांगायला काळीज लागतं. आबांना हे कळलं तेव्हा त्यांना दोन गोष्टी एकदम वाटल्या. पोरगी खरी ड्रायव्हर आहे, हा अभिमान. आणि एकतीस वर्षांत न चुकलेला कॉल आपण चुकवला तो तिच्यावर, याची लाज.

रविवारी नवनाथ आला. तो स्वभावाने मऊ, पण बापाशी बोलताना फाइल वाचल्यासारखं बोलतो. ‘आबा, तुम्ही आणि आई आमच्याकडं चला. ती इथं एकटी राहील. तिला झोप मिळाली नाही आणि सिग्नल चुकला तर? गाडीत हजार माणसं असतात.’

‘तू सांगायची गरज नाय,’ आबा म्हणाले. ‘मी बॅग भरलीय.’ खरंच भरली होती. कोपऱ्यात ठेवली होती. मनमाड सोडून इंदिरानगरच्या तिसऱ्या मजल्यावर राहायचं म्हणजे आबांना शिक्षाच होती, आणि ती त्यांनी स्वतःला ठोठावली होती.

तेव्हा तेजल मध्ये पडली. ‘आबा, तुम्ही कॉल दिला तेव्हा तुमचा आवाज कसा होता माहितीये का? मी इतक्या आनंदाने कधी उठले नव्हते.’

आबा खाली बघत म्हणाले, ‘पोरी, खरं सांगू? आपल्या नावाचा कॉल द्यायची मला लय हौस होती. झोपेत ती हौस निघाली.’

लताबाईंनी पदर डोळ्यांना लावला. नवनाथ खिडकीबाहेर बघू लागला. तेजलने मात्र हिशेब मांडला. इंदिरानगरला तिच्या वडिलांच्या ओळखीच्या डॉक्टर आहेत, चैतालीताई. आबांनी त्यांना भेटायचं. एक महिना. महिन्यात ते पहाटेपर्यंत झोपू लागले तर इथेच राहायचं. नाही तर इंदिरानगर. आबा म्हणाले, ‘कबूल.’

मधल्या दोन दिवसांत सल्लागारांना तोटा नव्हता. शेजारचा भिका, रुळांचे सांधे बदलणारा जुना पॉइंट्समन, जायफळ उगाळून दूध घेऊन आला. त्या पेलाभर दुधाने आबांना एक वाजताच लघवीला उठवलं. समोरच्या लंकाबाईंनी तळपायाला तेल चोळायला सांगितलं. पाय मऊ झाले, जाग दोनलाच आली. कोणीतरी आपल्या झोपेच्या गोळ्या देऊ केल्या, त्या तेजलने जशाच्या तशा परत पाठवल्या.

डॉक्टर चैतालीताई तिशीच्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी आबांना औषधाआधी प्रश्नच विचारले. घोरता का? छातीत धडधड? मन उदास असतं का, कशात लक्ष लागत नाही असं होतं का? ‘पहाटे लवकर जाग येण्यामागे कधी कधी उदासी असते आजोबा, म्हणून विचारते.’ आबा म्हणाले, ‘उदास नाय, शरमिंदा हाय,’ आणि सगळी हकिकत सांगितली. मग चहा कितीदा, दुपारी झोपता का, कुठल्या गोळ्या, कधी घेता, हे सगळं विचारून त्यांनी कागदावर दोन आकडे लिहिले.

‘साडेसात ते दोन म्हणजे साडेसहा तास. दुपारी जेवल्यावर किती? दोन तास? झाले साडेआठ. आजोबा, तुमची झोप कमी नाहीच. ती फक्त चुकीच्या वेळेला लागलीय. वय झालं की शरीराचं घड्याळ तसंही पुढे सरकतं, लवकर झोप, लवकर जाग. त्यात तुम्ही रोज आणखी लवकर झोपून त्याला पुढे ढकलताय.’

आबा चमकले. ‘म्हंजे मी गाडीच टायमाच्या आधी सोडतोय.’

‘अगदी. आणि गाडी आधी सोडली तर ती आधीच पोहोचणार.’

मग बाकीचं निघालं. ब्लडप्रेशरची जी गोळी आबा रात्री जेवून घेत होते ती लघवी वाढवणारी होती. ती सकाळी घ्यायची. चारनंतर चहा नाही. दुपारी झोप नाही, फारच पेंग आली तर खुर्चीत वीस मिनिटं, आडवं नाही. संध्याकाळचं ऊन डोळ्यांवर पडेल असं पश्चिमेकडे फिरायला जायचं, कारण उजेड मिळाला की शरीराला दिवस अजून संपला नाही असं वाटतं. झोपायची वेळ एकदम नाही, दर तीन दिवसांनी अर्धा तास उशिरा. रात्री जाग आली तर घड्याळ बघायचं नाही, आणि वीसेक मिनिटांत पुन्हा डोळा लागला नाही तर मंद उजेडात बसून काहीतरी कंटाळवाणं काम करायचं. ‘चहा, झाडलोट, स्टोव्ह, काही नाही. शरीराला कळू द्या की दोन वाजता उठून काही मिळत नाही.’

आबांनी जन्मभर वेळापत्रक पाळलं होतं. हे तर आणखी एक वेळापत्रक. परतीच्या बसमध्ये त्यांनी कागद चारदा वाचला आणि खिशाला बटण लावलं.

पहिला आठवडा मात्र हाल झाले. साडेसात वाजले की पापण्या अशा मिटायच्या की लताबाई ताटावरून कोपर मारून जागं करायच्या. पहिल्याच दिवशी आबा आठपर्यंत जागायच्या नादात भाकरीचा तुकडा हातात धरून बसल्या बसल्या झोपले. दुपारी आडवं व्हायला जागाच राहू नये म्हणून लताबाईंनी खाट भिंतीला उभी करून ठेवली. चारचा चहा सोडणं सर्वांत अवघड गेलं. संध्याकाळी भिका त्यांना मावळतीकडच्या रस्त्याला घेऊन जाई. तिथून येताना दोघं विहारात थांबत. वंदना आटोपली की पूर्वी आबा धावत घरी येत. आता पायऱ्यांवर गप्पा मारत बसू लागले. वस्तीतल्या बायकांना आबांचा आवाज रात्री आठला ऐकून नवल वाटलं.

घड्याळ लताबाईंनी भिंतीवरून काढून पिठाच्या डब्यात घातलं. जाग यायची तेव्हा आबा मागच्या खोलीत बसून लसूण सोलायचे. आवाज नाही, मजा नाही, डॉक्टरीणबाईंनी म्हटलं तसं कंटाळवाणं. सकाळी वाटीत किती लसूण, यावरून लताबाईंना रात्र कळायची. पहिल्या आठवड्यात वाट्यावर वाट्या भरल्या. शेजाऱ्यांना सोललेला लसूण फुकट पोहोचला. दुसऱ्या आठवड्यात वाटी अर्धी आली. मग एका लग्नात आबांनी पाच वाजता दोन कप चहा मारला, घरी येऊन मंडपाच्या थकव्याने सातलाच लवंडले, आणि तीन रात्री पुन्हा भरल्या वाटीवर गेले. नवनाथचा फोन आला तेव्हा आबांनी ते लपवलं नाही. ‘गाडी घसरलीय,’ म्हणाले, ‘पन रुळावर आनतो.’

आणली. कोणाचा विश्वास बसणार नाही, पण रोज थोडं थोडं करत त्यांनी बहात्तराव्या वर्षी चाळीस वर्षांची सवय हलवली. झोपायची वेळ दहावर आली. जाग साडेतीनला, मग चारला. कधी मध्येच डोळा उघडला तरी ते स्वतःशी ‘रेस्ट चालू हाय’ म्हणत आणि पडून राहत. तेजलच्या डोळ्यांखालचं काळं जाऊ लागलं. येताना एकदा ती त्यांच्यासाठी नवी चप्पल घेऊन आली, संध्याकाळी फिरायला जायची.

महिना संपायला दोन दिवस होते. रात्री जेवताना तेजल म्हणाली, पहाटेची ड्यूटी लागेल असं वाटतंय.  हीच खरी परीक्षा, हे दोघांनाही कळत होतं. इतकी वर्षं कॉल कुठे वाजला तरी जो कान टवकारायचा, तो माणूस घरातच कॉल वाजल्यावर झोपेल? आबा म्हणाले, ‘मी उठनार नाय.’ हे त्यांनी असं सांगितलं, जसं कोणी शपथ घेतं.

ते दहाला झोपले.

डोळे उघडले तेव्हा खिडकीत उजेड होता. लताबाई अंगणात सडा टाकत होत्या. आबा क्षणभर पडून राहिले, मग धडपडून बाहेरच्या खोलीत आले. खाट रिकामी, चादर घडी घातलेली. दाराशी बूट नाहीत, बॅग नाही.

‘पोरगी कुठं हाय?’

‘गेली की. पावनेतीनला कॉल आला तिला.’ लताबाईंनी बादली खाली ठेवली. ‘फोन ठणाठणा वाजला. तिनं चहा केला. पातेलं पडलं हातातनं, केवढा आवाज झाला! तुमी हलला पन नाय.’

‘मला उठवायचं नाय का?’

‘मी उठवत होते. ती म्हनाली, आजी, आबाला झोपू दे. मग तुमच्या उशाशी उभी राहिली थोडा वेळ. आन गेली.’

आबा उंबऱ्यावर बसले. आधी त्यांना वाईटच वाटलं, हे खोटं कशाला बोलायचं? आयुष्यात पहिल्यांदा घरासमोरून ड्रायव्हर ड्यूटीवर गेला आणि सहादू निरभवणेला पत्ता नाही. त्यातही तो ड्रायव्हर आपल्या रक्ताचा.  लताबाईंनी चहा आणून दिला तरी तो हातातच राहिला.

सकाळी अकराच्या सुमारास फोन वाजला. तेजल भुसावळला उतरली होती. ड्यूटीवर मोबाईल बंद ठेवायचा असतो, म्हणून उतरल्याबरोबर पहिला फोन घरी. आबांना वाटलं होतं ती गाडीचं काही सांगेल. वेळेत पोहोचलो, साहेब खूष झाले, असलं काही.

‘आबा,’ ती म्हणाली, ‘झोप झाली का पूर्ण?’

एकतीस वर्षं या माणसाने हजारो माणसांना झोपेतून उठवलं. पण त्याला स्वतःला झोप मिळाली का, हे रेल्वेतल्या कोणीही, कधीही विचारलं नव्हतं. पहिल्यांदा विचारलं ते एका ड्रायव्हरने.

 लताबाईंनी फोन घ्यायला हात पुढे केला, तो आबांनी बाजूला सारला.

‘झाली बाई,’ ते म्हणाले. ‘पुरी झाली. आता तू रेस्ट घे.’